चालवून बघायचं

माझ्या करवतीवरचं पातं मला न विचारता उतरवायची हिंमत एकवीस वर्षांत कोणाची झाली नव्हती. त्याने ती कामावर आल्याच्या तिसऱ्या दिवशी केली. माझा ओंडका निम्मा कापून झाला होता, तेवढ्यात हा धारखोलीतून हात पुसत आला, लाल बटण दाबलं आणि म्हणाला, "दादा, पातं खाली घेऊ या. आवाज बरा नाही." मला कसलाही आवाज आला नव्हता. कारखान्यात कोणालाच आला नव्हता. मी त्याला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि ऐकून झाल्यावर पातं उतरवून घेऊन गेला.

त्या दिवशी मला तो आवडला नाही. पुढची पावणेचार वर्षंही आवडला नाही. उगाच आता गोड गोड लिहिण्यात अर्थ नाही.

आमचा कारखाना लाकूड कापण्याचा. ओंडके एका दाराने आत येतात, फळ्या दुसऱ्या दाराने बाहेर पडतात, आणि मधे मी उभा असतो. माझ्यासमोर दोन मोठ्या चाकांवरून तीस फुटांचं पोलादी पातं फिरत असतं, वीतभर रुंद, एका कडेला दात. तीन-चार तासांत दात बोथट होतात. मग ते पातं उतरवून धारखोलीत न्यायचं आणि दुसरं चढवायचं. धार लावणं सोपं, ते मशीन करतं. अवघड असतं पात्याला ताण देणं. ऐरणीवर ठेवून हातोड्याने असं ठोकायचं की मधला भाग किंचित सैल पडला पाहिजे आणि कडा घट्ट राहिल्या पाहिजेत. हे जमलं नाही तर पातं चाकावर सरळ चालत नाही. नको तिथे जास्त ठोकलं गेलं तर दातांच्या खाचेत केसाएवढी चीर पडते, आणि ती वाढत जाऊन एक दिवस पातं चालता चालता तुटतं. तुटलेलं पातं कुठे उडेल ते कोणी सांगू शकत नाही, पण त्याच्या सगळ्यात जवळ मी असतो एवढं नक्की.

आमचे जुने मिस्त्री थकले, तेव्हा मालकाने दोन वर्षं जाहिराती दिल्या. एकही धड माणूस आला नाही. मग सरकारच्या कुशल कामगारांच्या तात्पुरत्या व्हिसावर हा बाहेरच्या देशातून आला. बायको आणि सात वर्षांची मुलगी बरोबर. चाळिशीचा, बुटका, डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत जुना व्रण. काम सुरू करण्याआधी साबणाने हात धुवायचा. आम्ही सगळे काम झाल्यावर हात धुतो! मग बोटांच्या टोकांना तेल चोळायचा, डोळे मिटायचा आणि पात्यावरून बोटं फिरवत फिरवत तीस फूट चालायचा. नाडी बघतोय जणू. मीच त्याला 'वैद्य' नाव ठेवलं. टिंगल म्हणून ठेवलं होतं. वर्षभरात मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे ते नाव आदराने घ्यायला लागले, म्हणजे माझी तीही मेहनत त्याच्याच पदरात पडली.

त्याच्यात वाईट काय होतं, असं मला माझी बायको विचारायची. वाईट काहीच नव्हतं, तेच मला खुपायचं. तो वेळेवर यायचा. कोणाची चहाडी करायचा नाही. दुपारी उलट्या खोक्यावर बसून डबा खायचा आणि खाऊन झालं की खोकं पुन्हा जागेवर ठेवायचा. मी त्याला 'ए' म्हणायचो, तो मला 'दादा' म्हणायचा. एकदा मी मुद्दाम विचारलं, "तुझ्या देशात पाती नाहीत का?" तो म्हणाला, "आहेत ना. मी पण करवतीवरच उभा असायचो, दादा. तुमच्या जागी." आणि बाही खाली ओढून व्रण झाकला. पुढचं मी विचारलं नाही. माझं डोकं दुसरीकडेच होतं.

ते होतं माझ्या भाच्याकडे. भाचा चौतीस वर्षांचा, आमच्याच कारखान्यात फळ्या रचायचा. ताई दर रविवारी माझ्या घरी येऊन बसायची आणि एकच टेप लावायची. "युनियनचा चिटणीस आहेस म्हणे. सख्ख्या भाच्याला एक धारखोली मिळवून देता येत नाही तुला? बाहेरचा माणूस येऊन बसतो आणि आपला पोरगा फळ्या उचलतो." मालकाने भाच्याला वैद्याच्या हाताखाली शिकायला ठेवलं, तेही मीच मागे लागलो म्हणून. आठ महिने वैद्याने त्याला शिकवलं. हातचं काही राखून ठेवलं नाही, हे भाच्यानेच मला सांगितलं. भाच्याचा हात वाईट नव्हता, पण त्याला दम नव्हता. दहा ठोके लागतील तिथे चार जोरात मारून मोकळा व्हायचा. वैद्य त्याला म्हणायचा, "पातं बोलेपर्यंत थांबायचं." भाचा घरी येऊन त्याची नक्कल करायचा, आणि आम्ही पोट धरून हसायचो.

अशात सरकारी पत्रक आलं. कुशल कामगारांची तात्पुरती व्हिसा योजना सुधारायची आहे, नागरिकांनी आणि संघटनांनी सूचना पाठवाव्यात. मी त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो आणि चार पानं लिहून काढली. बायको म्हणाली, "आपलं लग्न ठरलं तेव्हा मला चार ओळी लिहिल्या नव्हत्या."

माझ्या सूचना पक्क्या होत्या. एक, व्हिसा नवा करायच्या वेळी त्या जागेसाठी तयार झालेला स्थानिक माणूस असेल तर आधी त्याची परीक्षा घ्यावी, आणि तो पास झाला तर व्हिसा वाढवू नये. दोन, परीक्षा त्या परदेशी कामगारानेच घ्यावी, कारण ते काम कळणारा दुसरा कोणी तिथे नसतो. पण तो आपल्या पोटावर पाय कशाला आणू देईल? म्हणून तीन, हे मला फार उशिरा सुचलं आणि सुचल्यावर मी उठून एक फेरी मारली होती, की परीक्षकाला नुसतं बघून किंवा हात लावून कोणाला नापास करता येऊ नये. तयार झालेली वस्तू प्रत्यक्ष चालवून बघायची. चालली तर पास, नाही चालली तर नापास. लबाडीला जागाच नाही.

अकरा महिन्यांनी सुधारित योजना आली. त्यात माझी पहिली दोन कलमं होती, आणि तिसरं तर जवळपास शब्दाला शब्द होतं. सरकारने जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं होतं. आभाराचं पत्रही आलं. ते मी युनियनच्या फलकावर काचेच्या आत लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

वैद्याच्या व्हिसाची गंमत अशी होती, की दोन-दोन वर्षांचे त्याचे दोन व्हिसा झाले होते. सलग चार वर्षं नोकरी भरली की कायम राहण्याचा कागद मागता येतो. पण व्हिसाची तारीख छापल्या दिवसापासून चालते आणि नोकरीची वर्षं रुजू झाल्या दिवसापासून मोजतात. मधले चार महिने त्याचे कागद कुठल्या तरी टेबलावर पडून होते. म्हणजे व्हिसा संपत होता आणि चार वर्षांना बरोबर चार महिने कमी पडत होते. त्याला फक्त त्या चार महिन्यांसाठी व्हिसा वाढवून हवा होता. तो कागद मिळाला असता तर ते तिघं इथेच राहिले असते. नाही मिळाला तर अठ्ठावीस दिवसांत देश सोडायचा.

भाच्याची परीक्षा ठरली, तिच्या आधीच्या शनिवारी सकाळी मी वैद्याच्या घरी गेलो. समज द्यायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. एका लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्या होत्या. खालच्या मशीनमुळे जमीन गरम लागायची आणि बारीक थरथरायची. वैद्य घरी नव्हता. मुलगी टेबलावर बसून नकाशा रंगवत होती, आमच्याच देशाचा. खोली स्वच्छ होती, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळाने लक्षात आलं की भिंतींवर काहीच नाही. भिंतीवरचं घड्याळ जमिनीवर, भिंतीला टेकवून उभं केलेलं. आरसा खुर्चीवर. दिवसभर हातोडा चालवणाऱ्या माणसाच्या घरात एक खिळा नव्हता.

त्याच्या बायकोने मला ओळखलं. ती तिच्या देशात नर्स होती, इथे नवऱ्याच्या व्हिसावर तिला काम करायची परवानगी नव्हती. तिने मला बसा म्हटलं नाही.

"कायमचा कागद आला की खिळा मारू, असं म्हणतात हे," मी घड्याळाकडे बघतोय हे बघून ती म्हणाली. "फलकावर तुमचंच पत्र आहे ना? मी वाचलं ते. दोनदा वाचलं."

"नियम सगळ्यांना सारखा असतो," मी म्हणालो.

"सगळ्यांना कुठे? इथे अशा कामाचा एकच माणूस आहे." ती जरासुद्धा आवाज चढवत नव्हती. "त्या सूचना तुम्ही एक वर्ष उशिरा पाठवल्या असत्या, तर तुमचं काय बिघडलं असतं?"

"परीक्षा नीट घे म्हणावं त्याला. पोराला मुद्दाम पाडलंस तर गाठ माझ्याशी आहे म्हणावं."

"ते तुम्हीच सांगा. असलं बोलायला मला जमत नाही."

तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी घेतलं नसतं. जिना उतरताना मुलगी आईला विचारत होती की हे कोण, आणि आईने काय उत्तर दिलं ते मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. बरंच झालं.

मंगळवारी सरकारी मॅडम आल्या. हातात पाठ्यपुस्तकाएवढी जाड नियमावली, डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट, ते सारखं डोळ्यांवर घसरत होतं. भाच्याने पात्याला धार लावली, मग ऐरणीवर घेऊन ठोकायला लागला. मी धारखोलीच्या काचेबाहेर उभा राहून बघत होतो. भाच्याने चांगलं केलं. निदान मला चांगलं वाटलं. एका जागी त्याने चार-पाच ठोके जरा रागात मारले, पण मॅडम घड्याळ लावून बसल्यावर कोणीही मारील.

वैद्याने हात धुतले, बोटांना तेल लावलं, डोळे मिटले आणि पात्यावरून बोटं फिरवत चालू लागला. अर्ध्यावर थांबला. मागे आला. पुन्हा थांबला. मग डोळे उघडून मॅडमना म्हणाला, "हे पातं मशीनवर लावू नका."

"कारण?"

"इथे ताण बिघडलाय. खाचेत चीर गेली आहे. चाललं तर तुटेल."

"मोजून दाखवता येईल?"

"बोटाला लागतंय."

मॅडमनी पानं उलटली. "स्पर्शाने किंवा नजरेने नापास करता येत नाही. प्रत्यक्ष चालवून बघायचं, अर्धा तास. चालवणार कोण?"

"नेहमीचे चालक," मालक म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

वैद्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, नाटक करतोय. आपली जागा वाचवायला सोंग काढलंय. मी दार उघडून आत गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "चालवा ना! घाबरता कशाला? उभा तर मी राहणार आहे."

वैद्याला काहीच करायची गरज नव्हती. गप्प बसला असता, पातं मशीनवर चढलं असतं, भाचा नापास झाला असता, त्याला चार महिने मिळाले असते. एवढं सोपं होतं. माझं काय झालं असतं ते माझ्याच कलमाप्रमाणे झालं असतं.

त्याने मला हाताने जवळ बोलावलं आणि दिवा खाचेजवळ धरला. "दादा, इथे." मी वाकून पाहिलं. केसाएवढी होती. पण होती.

मग त्याने हातोडा उचलला. भाचा बाजूला झाला. वैद्याने खडूने गोल काढले, ती चीर घासून काढली आणि अर्धा तास हळूहळू ठोकत राहिला, ठोकायचं, बोट फिरवायचं, पुन्हा ठोकायचं. मॅडमनी नियमावली चाळली. परीक्षकाने मधे हात लावू नये असं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. ते कलम मी घालायला विसरलो होतो.

पातं चढलं. मी अर्धा तास त्याच्यासमोर उभा राहिलो, आणि इतकं शांत पातं त्या वर्षात माझ्या करवतीवर चाललं नव्हतं. मॅडमनी फॉर्म काढला. त्यावर दोनच चौकोन होते, चालले आणि चालले नाही. वैद्य म्हणाला, "मॅडम, ते मी नीट केलं म्हणून चाललं." मॅडम म्हणाल्या, "ते लिहायला यात जागा नाही. तुमची खूण फक्त चालले की नाही, एवढ्यावर." मग फॉर्म उलटा केला आणि माझ्याकडे सरकवला. मागच्या बाजूला तीन ओळी होत्या. चालकाचा शेरा.

भाचा माझ्याकडे बघत होता. तो तिथे नसता तरी माझ्या डोळ्यांपुढे ताई होतीच. वैद्य माझ्याकडे बघत नव्हता, हात पुसत होता. मला एक वाक्य लिहायचं होतं. पाते परीक्षकाने दुरुस्त केले. चार शब्द. चार पानं लिहिणारा माणूस मी.

मी लिहिलं, 'पाते उत्तम चालले.' खाली सही केली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

अठ्ठावीस दिवस तो रोज कामावर आला. कारखान्यातली सगळी चौदा पाती त्याने एकेक करून ऐरणीवर घेतली आणि ताण लावून टांगून ठेवली. मालक दोनदा शहरात जाऊन वकिलाला भेटून आले, वकील म्हणाला की निकालाविरुद्ध चालकाचा शेराच नसेल तर काही होत नाही. हे मालकांनी मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड फिरवून लाकडाकडे गेलो. शेवटच्या दिवशी वैद्य माझ्याजवळ आला. मला वाटलं आता बोलेल. एकदा तरी बोलेल. मी तयारच होतो. तो म्हणाला, "दादा, नऊ नंबरचं जुनं आहे. त्याच्यावर लक्ष ठेवा." आणि गेला. मी त्याला पोचवायला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

मी त्याच्यावर चिडलो होतो, हे कोणाला खरं वाटणार नाही, पण चिडलो होतो. मला वाचव असं मी त्याला सांगितलं नव्हतं. शिवी दिली असती तर फिटलं असतं. तसं काहीच न देता माझ्या डोक्यावर हे ठेवून गेला, आणि आता ते उतरवायला कोणी नाही.

ती चौदा पाती मी सात आठवडे वापरली. धार लावता लावता ताण उतरतो, मग पुन्हा ठोकावं लागतं. एकेक पातं भाच्याच्या हाताखालून जाऊन येऊ लागलं. ताई खूश होती, रविवारी येताना हातात काहीतरी घेऊन यायला लागली. मी मात्र करवतीवर कान देऊन उभा राहायला शिकलो, या वयात. कोण जाणे काय ऐकत होतो.

गेल्या सोमवारी नऊ नंबर माझ्या करवतीवर चढलं. भाच्याने आदल्या आठवड्यात ठोकलं होतं. मी मशीन लावलं, आणि मला ते ऐकू आलं. एका फेऱ्यात एकदा, अगदी बारीक. मी लाल बटण दाबलं. साबणाने हात धुतले, आणि सगळ्यांसमोर, डोळे मिटून, एका हाताने चाक हळूहळू ढकलत पात्यावरून बोटं फिरवली. फळीवाले हसले. माझ्या बोटांना काहीच कळलं नाही. एकवीस अधिक चार वर्षं लाकूड धरलेली बोटं ती, त्यांना काय कळणार?

तरी मी मालकांना म्हणालो, "हे पातं उतरवा. आवाज बरा नाही."

मालक आले, मी मशीन क्षणभर लावलं, त्यांनी कान दिला. भाचाही आला. "मला तर काही ऐकू येत नाही," मालक म्हणाले.

"दिवा लावून बघितलंय मी," भाचा म्हणाला. "काही नाही त्यात. मामा, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"चीर असेल," मी म्हणालो.

"दाखवा."

मला दाखवता येईना.

मालकांनी खांदे उडवले. ते वाईट हसले नाहीत, साधंच हसले. "नुसत्या वाटण्यावर मी पातं कसं उतरवू? तुमचाच नियम आहे. चालवून बघायचं."

"मामा, घाबरता कशाला?" भाचा म्हणाला आणि धारखोलीत गेला.

मी करवतीसमोर जाऊन उभा राहिलो. ओंडका पुढे घेतला. हिरव्या बटणावर अंगठा ठेवला आणि मागे वळून धारखोलीच्या काचेकडे पाहिलं, कोणी हात पुसत बाहेर येतंय का ते. काचेमागे भाचा पाठमोरा बसून मोबाइल बघत होता.